कॉन्टाफ, टिल्ट, फोलिक्युर, स्कोअर : औषध बदललं का नुसती बाटली?

मांजराकाठ (धागाकर्ता)
सोयाबीनच्या शेंगा भरायच्या दिवसांत लातूर-अहमदपूर पट्ट्यात करपा-तांबेऱ्यासाठी हेक्झाकोनॅझोल (कॉन्टाफ), पंधरा दिवसांनी प्रोपिकोनॅझोल (टिल्ट), मग टेब्युकोनॅझोल (फोलिक्युर) असा क्रम चालतो. शेजारी मिरची असली तर तिच्यावर डायफेनोकोनॅझोल (स्कोअर). सल्ला एकच: "दर वेळी औषध बदलून मारा."

माझं म्हणणं असं की यात काहीच बदललं नाही. चारही औषधं बुरशीच्या एकाच प्रथिनावर जाऊन बसतात, सीवायपी५१ नावाच्या. हे चूक असेल तर दुरुस्त करा. आणि दोन प्रश्न. हे प्रथिन माणसात आणि झाडातही असतं म्हणतात, मग मरते बुरशीच कशी? आणि वसमतकडे हळदीच्या कंदकुजीसाठी हीच औषधं आळवणीतून देतात, त्याचा उपयोग किती?

पंपवाला
म्हणजे एका घरातल्या चार भावांना पाळीपाळीने जेवायला बोलवायचं अन् गावजेवण घातलं म्हणून सांगायचं.

रेणूमास्तर
धागाकर्त्याचं मूळ म्हणणं बरोबर आहे. जरा खोलात जातो.

आपल्या पेशीच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल, झाडात सिटोस्टेरॉल वगैरे. या तिन्ही स्टेरॉलचा कच्चा माल एकाच वाटेने येतो. स्क्वालीनची लांब साखळी तयार होते, तिला ऑक्सिजन जोडला जातो आणि मग ती चार कड्यांत वळते. माणसात आणि बुरशीत तिथे लॅनोस्टेरॉल बनतं. त्याच्या १४ व्या कार्बनवर एक मिथाइल गट चिकटलेला असतो. तो काढल्याशिवाय रेणू सपाट होत नाही आणि पडद्यात नीट बसत नाही. तो काढायचं काम सीवायपी५१ चं. हे एका घावात होत नाही. आधी त्या मिथाइलचं अल्कोहोल, मग अल्डिहाइड, आणि शेवटी तो फॉर्मिक आम्ल होऊन सुटतो. प्रत्येक पायरीला ऑक्सिजनचा एक रेणू आणि एक एनएडीपीएच (पेशीतला इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) खर्ची पडतो.

प्रथिनाच्या पोटात हीम असतं, त्याच्या मधोमध लोह. ऑक्सिजन त्या लोहावर बसतो. ॲझोल औषधाच्या (ही चारही त्यातलीच) पाचकोनी कड्यातला नायट्रोजन नेमकी तीच जागा अडवतो आणि औषधाची उरलेली शेपटी लॅनोस्टेरॉल आत शिरायच्या बोळात अडकते. हेक्झा, प्रोपि, टेब्यु, डायफेनो यांच्यात फरक आहे तो शेपटीचा. कुलूप तेच.

एर्गोस्टेरॉल कमी पडतं हे अर्धंच नुकसान. मिथाइल न काढलेलं स्टेरॉल साठत जातं, पुढचं एक विकर म्हणजे एन्झाइम (यीस्टमध्ये ईआरजी३) त्यावर काम करतं आणि त्यातून बुरशीलाच विषारी असं डायॉल तयार होतं. म्हणून ज्या यीस्टमध्ये ईआरजी३ बंद पडलेलं असतं ती ॲझोलमध्येही तग धरते. आपल्याच कारखान्याची पुढची मशीन बंद करून वाचायचं, असा प्रकार.

दुधनाकाठ
@रेणूमास्तर, लॅनोस्टेरॉल यीस्टपुरतं बरोबर. करपा, भुरी, तांबेरा यांसारख्या तंतूवाल्या बुरशीत सीवायपी५१ पुढे येतं ते बहुतेक एबुरिकॉल, म्हणजे २४ व्या जागी आधीच एक कार्बन जोडलेलं. झाडात ऑबट्युसिफोलिऑल. पायरी तीच, येणारा माल वेगळा.

रेणूमास्तर
मान्य. आणि धागाकर्त्याच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्या प्रतिसादातच आलं. बोळ प्रत्येकाचा थोडा वेगळा आहे.

सायटोक्रोम पी४५० (हीमवाल्या विकरांचं मोठं घराणं, सीवायपी५१ त्यातलंच) ची नावं ठरवायचा साधारण नियम असा की अमिनो आम्लांचा क्रम ४० टक्क्यांहून जास्त जुळला तर एक कुळ. सीवायपी५१ मध्ये हा नियम बाजूला ठेवलाय. जिवाणू आणि माणूस यांच्यातलं साम्य त्याच्या खाली जातं, तरी काम तंतोतंत एकच म्हणून नाव एकच. प्राण्यांचं ५१ए, झाडांचं ५१जी, बुरशीचं ५१एफ. गोंधळ इथून पुढे. ॲस्परजिलस बुरशीत या जनुकाच्या दोन प्रती आहेत आणि त्यांनाही सीवायपी५१ए, सीवायपी५१बी म्हणतात. त्याचा प्राण्यांच्या ५१ए शी काही संबंध नाही. फ्युझेरियम ग्रॅमिनिअरममध्ये तर ए, बी, सी अशा तीन. गंमत म्हणजे या कुळातली पहिली स्फटिकरचना २००१ मध्ये मिळाली ती क्षयाच्या जंतूतून, जो स्वतः स्टेरॉल बनवतही नाही.

काळी_कसदार
"माणसात तेच असून बुरशीच मरते" हे तितकं साफ नाही बरं का. निवड शंभर टक्के नसते. जुनं किटोकोनॅझोल तोंडावाटे घेतलं की माणसातल्या इतर पी४५० वरही बसतं, कॉर्टिसोल आणि टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या सुद्धा. शिवाय यकृताला धोका. म्हणून २०१३ मध्ये अमेरिकेत त्याच्या गोळ्यांच्या वापरावर कडक मर्यादा आल्या. नंतरच्या ट्रायअॅझोलमध्ये कड्यात दोनाऐवजी तीन नायट्रोजन आहेत, त्यांची माणसाच्या प्रथिनातल्या लोहावरची पकड सैल पडते.

पिकाचंही तेच. टेब्युकोनॅझोल मारलं की सोयाबीन काळंभोर दिसतं अन् शेंडा थांबतो, ते कशानं?

मांजराकाठ
लोक तर त्यासाठीच मारायलेत! "वाढ थांबते, फुटवा येतो" म्हणून.

दुधनाकाठ
तो परिणाम मुख्यतः सीवायपी५१ चा नाही, त्याच्या चुलत्याचा आहे. झाडात जिबरेलिन (वाढीचं संप्रेरक) बनताना एंट-कॉरीन नावाच्या रेणूवर सीवायपी७०१ काम करतं. ट्रायअॅझोल तिथेही थोडं बसतं. कांड्या आखूड राहतात, पानात हरितद्रव्य दाट दिसतं. पॅक्लोब्युट्राझोल हे मुद्दाम त्याच विकरासाठी घडवलेलं ट्रायअॅझोल. केसर आंब्याला देतात ते कल्टार हेच. कोकण कृषी विद्यापीठाची हापूससाठीची शिफारस झाडाच्या घेराच्या दर मीटर व्यासाला पाऊण ग्रॅम मूळ घटक, म्हणजे २५ टक्क्यांचं साधारण ३ मिली, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान मुळाशी. केसरला हाच आकडा डोळे झाकून लावतात, तो वेगळा वादाचा विषय.

मुद्दा हा की वाढ रोखायला बुरशीनाशक वापरलं तर रोग नसतानाही बुरशीवर निवडीचा दाब पडतो. जुलैत वाढीसाठी टेब्यु, ऑगस्टात करप्यासाठी टेब्यु. दुसऱ्या वेळेपर्यंत शेतात उरलेली बुरशी आधीच चाळून निघालेली असते.

पंपवाला
चाळून निघालेली बुरशी म्हणजे एमपीएससी पास झालेली. 😄

मोसंबीवाला_जालना
नावावरून ओळखायचा सोपा नियम आहे का? शेवटी "कोनॅझोल" दिसलं की झालं?

दुधनाकाठ
बहुतेक वेळा हो. पण पुढचे फसवे लक्षात ठेवा. ट्रायसायक्लॅझोल हे भाताच्या करप्याचं औषध, नावात "ॲझोल", पण ते बुरशीचं मेलॅनिन अडवतं, स्टेरॉल नाही. उलट मायक्लोब्युटॅनिल, ट्रायडिमेफॉन, फ्लुट्रियाफॉल, प्रोक्लोराझ यांच्या नावात कोनॅझोल नाही, तरी ती याच गटाची. आणि युनिकोनॅझोल नावाने अगदी अस्सल, पण काम पॅक्लोब्युट्राझोलसारखं वाढ रोखायचं. कार्बेन्डॅझिम बेन्झिमिडॅझोल कुळातलं, ते पेशी विभागणी अडवतं. त्याचा इथे संबंध नाही.

नाव पाठ करण्यापेक्षा गटाचा आकडा पाठ करा. बुरशीनाशकांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात सीवायपी५१ अडवणारी सगळी गट ३ मध्ये. स्ट्रोबिल्युरिन (ॲझोक्सिस्ट्रोबिन, पायराक्लोस्ट्रोबिन) गट ११. फ्लुक्सापायरोक्सॅड वगैरे गट ७. मॅन्कोझेब, गंधक, ताम्र हे अनेक जागी मारणारे, त्यांच्या आकड्याआधी एम.

स्टेरॉलच्याच वाटेवर पुढच्या पायऱ्या अडवणारी वेगळी औषधं आहेत. मॉर्फोलिनवाली गट ५, ती १४ व्या जागेचा दुहेरी बंध घालवणारं विकर आणि ८-७ चं आयसोमरेज अडवतात. फेनहेक्झामिड गट १७. टर्बिनाफिन स्क्वालीनवरच थांबवतं, पण ते माणसाच्या औषधात. आपल्याकडे गट ५ मधलं ट्रायडेमॉर्फ २०१८ च्या बंदीच्या यादीत गेलं. गट ३ मधलं फेनारिमॉलही त्याच यादीत.

काळी_कसदार
"कुलूप तेच" याला माझी थोडी हरकत. एका ॲझोलला बुरशी सरावली म्हणजे सगळ्यांना सारखीच सरावली असं होत नाही. गव्हाच्या सेप्टोरिया बुरशीत या प्रथिनाच्या ३८१ व्या जागी आयसोल्युसीन या अमिनो आम्लाचं व्हॅलीन झालं की टेब्युकोनॅझोलची धार जाते, १३६ व्या जागचा बदल मात्र प्रोक्लोराझला नडतो. म्हणजे गटातल्या गटात बदलण्यालाही थोडा अर्थ आहे.

रेणूमास्तर
थोडा अर्थ आहे, भरवसा नाही. तुम्ही दिलेलं उदाहरण खरं, पण ते युरोपात, जिथे बुरशीचे नमुने काढून कुठला बदल शेतात आहे ते तपासलेलं असतं. आपल्या शिवारात कुठला बदल फिरतोय हे न कळता हेक्झाऐवजी प्रोपि घेणं म्हणजे अंधारात खडा.

आणि एक बदल असा की अनेक ॲझोलना नडतो. बोळाच्या तोंडाशी एक टायरोसीन आहे, त्याचं फेनिलॲलॅनिन होतं. द्राक्षाच्या भुरीत ती जागा १३६, सेप्टोरियात १३७, सोयाबीनच्या तांबेऱ्यात १३१, कँडिडात १३२, ॲस्परजिलस फ्युमिगेटसमध्ये १२१. आकडे वेगळे दिसतात कारण प्रत्येकाची साखळी कमी-जास्त लांब, पण जागा एकच. शेतातली बुरशी आणि दवाखान्यातली बुरशी, दोघींनी एकाच औषधकुळाला एकाच ठिकाणी उत्तर शोधलंय.

स्ट्रोबिल्युरिनला एकाच बदलाने (१४३ व्या जागी) औषध रातोरात फुकट जातं. ॲझोलचं तसं होत नाही, ते हळूहळू बोथटतं. एक बदल, मग दुसरा, मग जनुकाच्या पुढ्यात तुकडा वाढून प्रथिनच जास्त बनायला लागतं, मग औषध बाहेर उपसणारे पंप. म्हणून शेतकऱ्याला "औषध गेलं" असं वाटत नाही, "यंदा डोस थोडा वाढवावा लागला" एवढंच वाटतं.

पंपवाला
डोसचं निघालं म्हणून हिशेब मांडतो. हळूहळू बोथटणाऱ्या गटात कमी डोस सगळ्यात घातक, आणि आपल्याकडे कमी डोस चुकून पडतो, पंपामुळे.

टेब्युकोनॅझोल २५.९ ईसी (पाण्यात मिसळायचं द्रवरूप औषध) सोयाबीनला हेक्टरी ६२५ मिली. म्हणजे एकरी २५० मिली, पाणी एकरी २०० लिटर धरलेलं. १५ लिटरचा पंप असेल तर २०० लिटरला १३ पंप आणि वर थोडं, दर पंपाला सुमारे १९ मिली. इथवर ठीक. पण प्रत्यक्षात एकराला १३ पंप मारतं कोण? ८ पंपांत एकर उरकतो. १९ मिलीनेच ८ पंप मारले तर एकरी पडलं १५० मिली. शिफारशीच्या ६० टक्के. पंप कमी लागणार असतील तर पंपातलं माप वाढवा, ८ पंपांना दर पंपाला ३१ मिली. एकराचं माप पक्कं धरा, पंपाचं नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाने पाणी आणखी कमी जातं, तिथे चूक आणखी मोठी.

गंधकासोबतचं तयार मिश्रण (टेब्यु १० + गंधक ६५) हेक्टरी १२५० ग्रॅम, एकरी अर्धा किलो. ते आधी बादलीत कालवा, मग टाकीत, नाहीतर नोझल तुंबतो. एपॉक्सिकोनॅझोल-पायराक्लोस्ट्रोबिन जोडगोळी हेक्टरी ७५० मिली, म्हणजे एकरी ३००.

मांजराकाठ
मग वेळ कोणती? डाग दिसल्यावर की आधी?

दुधनाकाठ
आधी, किंवा अगदी पहिला डाग दिसताच. बीजाणूत एर्गोस्टेरॉलचा साठा आधीपासून असतो, त्यामुळे ॲझोलने बीजाणू रुजायचे थांबत नाहीत. रुजून तंतू पानात शिरला आणि नवा पडदा विणायला लागला की मग औषध पकडतं. म्हणून शिरकावानंतर तीन-चार दिवसांत मारलं तरी उपयोग होतो, पण पान करपून गेल्यावर ते हिरवं होत नाही. लोक डाग तसेच राहिले म्हणून चौथ्या दिवशी दुसरी बाटली फोडतात. नवी पानं आणि कोवळ्या शेंगा बघा, जुने डाग बघू नका.

दुसरं, हे औषध झाडात पाण्याच्या नळ्यांतून वर चढतं, खाली उतरत नाही. वरच्या पानावर मारलेलं खालच्या शेंगेला पोचत नाही. दाट सोयाबीनमध्ये नोझल आत गेला पाहिजे.

आणि पिवळा मोझॅक विषाणूचा आहे. त्यावर कुठलंही बुरशीनाशक मारणं म्हणजे पैशाची आळवणी.

वसमतची_हळद
आळवणी म्हटलंत म्हणून आठवण करून देते, धागाकर्त्याचा दुसरा प्रश्न कुणी घेतलाच नाही.

कंदकूज बऱ्याचदा पिथियमची. पिथियम, फायटोप्थोरा, द्राक्षाचा डाऊनी हे दिसायला बुरशीसारखे, पण कुळ वेगळं, ऊमायसीट. पिथियम आणि फायटोप्थोरा स्वतःचं स्टेरॉल बनवतच नाहीत, यजमानाकडून उचलतात. सीवायपी५१ च नाही, तर ॲझोल अडवणार काय? कुलूपच नाही त्या दाराला चावी लावायची. फुलंब्री-कन्नडकडच्या आल्याच्या कुजीलाही हेच लागू.

तिथे मेटॅलॅक्झिल लागतं, जे आरएनए बनवणारं पॉलिमरेज अडवतं. बाजारात ते मॅन्कोझेबसोबत येतं, लिटरला अडीच ग्रॅम, आणि बुंध्याशी माती भिजेल असं. वरवर शिंपडून कंदापर्यंत जात नाही. पण आधी साचलेलं पाणी काढा, गादीवाफ्याच्या सरीत पाणी उभं असेल तर कुठलंच औषध टिकत नाही.

मोसंबीवाला_जालना
म्हणजे मोसंबीच्या डिंक्यालाही हेक्झाकोनॅझोल नको?

वसमतची_हळद
डिंक्या फायटोप्थोराचा. मेटॅलॅक्झिल किंवा फोसेटिल, आणि खोडाला बोर्डो पेस्ट. हेक्झा नको.

काळी_कसदार
ताई, एक पुरवणी. कंदकुजीत फ्युझेरियमही सापडतं, आणि फ्युझेरियमला सीवायपी५१ आहे. त्यामुळे "ॲझोलने फरक पडला" म्हणणारे सगळेच खोटं बोलत नाहीत.

वसमतची_हळद
बरोबर, म्हणून "बऱ्याचदा" म्हटलं. ओळखायची ढोबळ खूण: कंद पिचपिचीत, पाणी सुटलेलं, घाण वास आणि रोप ओढलं की सहज उपटतं, तर पिथियमचा संशय. कंद कोरडा, आतून तपकिरी, पानं हळूहळू पिवळी, तर फ्युझेरियमकडे बघा. दोन्ही एकत्र असतात तेव्हा अंदाज चुकतो. कुजलेला कंद परभणीच्या कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा, शंभर लिटर औषधापेक्षा स्वस्त पडतं.

आणि सगळ्यात जास्त होणारी चूक: आळवणीत ट्रायकोडर्मा आणि टेब्युकोनॅझोल एकाच ड्रममध्ये. ट्रायकोडर्मा ही बुरशीच आहे, तिलाही सीवायपी५१ आहे. पिथियम जिवंत राहतो आणि त्याला खाणारी मरते. पैसे देऊन शत्रूची बाजू घ्यायची.

पंपवाला
हे वाक्य दुकानात फ्रेम करून लावा.

त्वचा_आणि_नखं
अवांतर, पण कुळ तेच. गजकर्णावर हल्ली गोळ्या लागू पडत नाहीत अशी ओरड आहे, त्यात दोन वेगळी प्रथिनं आहेत, गल्लत करू नका. टर्बिनाफिन स्क्वालीन इपॉक्सिडेज अडवतं, सीवायपी५१ च्या बरंच आधी. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही जात (नाव २०२० चं) भारतात पसरली, तिच्या त्या विकरात ३९७ व्या जागी फेनिलॲलॅनिनचं ल्युसीन होतं आणि टर्बिनाफिन बसत नाही. मग इट्राकोनॅझोल देतात, ते सीवायपी५१ वर. पण याच जातीत सीवायपी५१बी च्या जादा प्रती असलेले नमुनेही सापडलेत, त्यांना इट्राही कमी लागू पडतं.

इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायच्या. पोटात आम्ल असेल तर त्या विरघळतात, त्यामुळे सोबत ॲसिडिटीची गोळी घेतली की निम्मं औषध वाया. सिम्व्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) चालू असेल तर इट्रा नाही, इट्रा यकृतातलं औषधं मोडणारं सीवायपी३ए४ अडवतं आणि सिम्व्हास्टॅटिन रक्तात साठून स्नायूंना इजा होते. हृदय अशक्त असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. स्टेरॉइड मिसळलेली मलमं लावून खाज थांबते, बुरशी पसरते.

मांजराकाठ
शेतातल्या ॲझोलचा आणि दवाखान्यातल्या ॲझोलचा थेट संबंध आहे का? का नुसती भीती?

रेणूमास्तर
गजकर्णासाठी शेतातल्या फवाऱ्याला दोष देता येत नाही, ती माणसातून माणसात जाते. ॲस्परजिलस फ्युमिगेटसचं मात्र वेगळं. ती कुजणाऱ्या काडीकचऱ्यात, कंपोस्टात राहते आणि फुफ्फुसातही जाते. तिच्या सीवायपी५१ए च्या पुढ्यात डीएनएचा ३४ अक्षरांचा तुकडा दुप्पट होतो आणि सोबत ९८ व्या जागी ल्युसीनचं हिस्टिडीन. हा प्रकार आधी नेदरलँड्समध्ये ठळक झाला, कधी ॲझोल न घेतलेल्या रुग्णांतही, म्हणून बोट शेती आणि कंपोस्टकडे गेलं. २०१२ मध्ये भारतातूनही नोंद झाली. टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल हे रेणू त्या प्रथिनात दवाखान्यातल्या ट्रायअॅझोलसारखेच बसतात.

दुधनाकाठ
मधमाश्यांचंही लिहून ठेवतो, सूर्यफूल-करडईवाल्यांसाठी. किडे स्टेरॉल बनवत नाहीत, त्यांच्यात सीवायपी५१ नाही, म्हणून ॲझोल माशीला थेट मारत नाही. पण माशीच्या शरीरात विष मोडणारे दुसरे पी४५० असतात, त्यांच्यावर ॲझोल बसतं. मग लॅम्बडा-सायहॅलोथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड कीटकनाशकाची विषबाधा कितीतरी वाढते. फुलोऱ्यात ही दोन एका पंपात नको.

मांजराकाठ
बरं, मग सोयाबीनला कार्यक्रम कसा बसवायचा? लातूरकडे दोनच फवारे परवडतात.

दुधनाकाठ
दोनच परवडत असतील तर गट ३ एकदाच. शेंगा धरताना टेब्यु + गंधक, किंवा एपॉक्सी + पायराक्लोस्ट्रोबिनची जोडगोळी. दुसरा लागलाच तर गट ७ आणि ११ चं फ्लुक्सापायरोक्सॅड-पायराक्लोस्ट्रोबिन, हेक्टरी ३०० ग्रॅम, म्हणजे एकरी १२०. पण पहिल्यात पायराक्लोस्ट्रोबिन घेतलं असेल तर दुसऱ्यात हे नको, गट ११ दोनदा पडेल. म्हणजे पहिला टेब्यु-गंधक, हाच साधा मार्ग. आणि वाढ रोखायला जुलैत टेब्यु अजिबात नाही.

काळी_कसदार
+१. फक्त दुसरा फवारा पाऊस उघडला तर सोडूनही द्या. तांबेरा आणि शेंगकरपा दोघांनाही पान बराच वेळ ओलं लागतं. कोरड्या सप्टेंबरात बाटली दुकानातच बरी.

मांजराकाठ
आणि बाटलीवर गटाचा आकडा छापलेला नसेल तर?

दुधनाकाठ
ब्रँडच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात मूळ घटक आणि टक्के छापलेले असतात. दुकानात तेवढंच वाचा आणि टक्क्यासकट मागा. "टेब्यु द्या" म्हटलं की २५.९ ईसी, गंधकाचं मिश्रण किंवा ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिनचं मिश्रण, तिन्हींपैकी काहीही हातात पडतं, आणि तिघांचं एकरी माप वेगळं.

पंपवाला
वाचायला चष्मा न्या. ती अक्षरं बुरशीपेक्षा बारीक असतात.